मुक्या जिवांची वकिली : एक अभ्यासपाठ

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक एखादा लेख द्यावा, अशी विश्वस्त मंडळींची आज्ञा झाली. शिष्यवृत्त्या, परीक्षा, मुलींचे शिक्षण या विषयांवर इतर अधिकारी लेखक लिहितीलच. आम्ही येथे अशा एका वर्गाविषयी लिहिणार आहोत की ज्याला मत नाही, वर्गणी नाही, अर्ज करता येत नाही आणि ज्याची सर्वसाधारण सभा कधी भरत नाही. बैल, म्हैस, शेळी, कोंबडी, गाढव, रस्त्यावरचे कुत्रे हा तो वर्ग होय. ‘मुकी बिचारी कुणीही हाका’ ही म्हण आपण माणसांसाठी सहज वापरतो. पण ती ज्यांच्यावरून निघाली, त्यांचा विचार क्वचितच करतो. धर्मादाय संस्थेच्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना दयेच्या खात्यावर हीही एक बाजू असावी, म्हणून हा पाठ.

१. प्रश्नाचे स्वरूप

प्राण्यांविषयी बोलणाऱ्यांच्या ढोबळमानाने तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी भूतदयेची : जनावर वापरावे, परंतु त्याला विनाकारण दुःख देऊ नये. दुसरी शाकाहाराची. तिसरी पायरी म्हणजे प्राण्यापासून काहीच घ्यायचे नाही. मांस नाही, दूध नाही, अंडी नाहीत, मध नाही, कातडेही नाही. या तिसऱ्या विचारास इंग्लंडात १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या मित्रांनी ‘व्हीगन’ हे नाव दिले व त्याची एक संस्थाही काढली.

नाव नवे असले तरी विचार नवा नाही. सीरियातील मअर्रा या गावी इ. स. ९७३ मध्ये अबुल अला अल-मअर्री हा कवी जन्मला. बालपणीच देवीच्या आजाराने त्याची दृष्टी गेली. उत्तरायुष्यातील अनेक वर्षे त्याने मांस, दूध, अंडी व मधही वर्ज्य केले. पिलाच्या वाट्याचे दूध आणि माशीने कष्टाने जमवलेला मध आपण का घ्यावा, हा त्याचा प्रश्न होता. त्या काळच्या एका मोठ्या पंडिताने पत्रे लिहून त्याला याचा जाब विचारला आणि अल-मअर्रीने शांतपणे उत्तरे दिली. हा पत्रव्यवहार आजही अभ्यासकांच्या हाती आहे. त्याच सुमारास बसऱ्याच्या ‘इख्वान उस्सफा’ या विद्वान मंडळाने एक कथा रचली. तीत सर्व प्राणी जिन्नांच्या राजापुढे माणसाविरुद्ध फिर्याद गुदरतात व आपली कैफियत स्वतःच मांडतात. हिचे उर्दू भाषांतर मौलवी इकराम अली यांनी १८१० मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केले. प्राण्यांना वाचा असती तर ते काय बोलले असते, याची इतकी सविस्तर कल्पना जगाच्या वाङ्मयात फार थोड्या ठिकाणी आढळेल.

आपल्या मुलुखातही ही परंपरा जुनी आहे. नाथांनी काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा मराठी मुलास पाळण्यापासून ठाऊक असते. बसवण्णांनी दयेलाच धर्माचे मूळ मानले. निपाणीजवळच्या स्तवनिधी तीर्थाने कित्येक पिढ्या अहिंसेचा धडा दिला. यात्रेतील पशुबळी बंद व्हावेत म्हणून गाडगेमहाराजांनी गावोगाव कीर्तने केली. म्हणजे हा विषय आमच्या सीमाभागात बाहेरून आलेला पाहुणा नसून घरचाच आहे.

२. कायद्याची वाटचाल

१८३२ मध्ये मुंबईत रस्त्यावरची कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम अमलात येऊ लागला, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला व मोठा दंगा झाला. त्यातूनच १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई प्रभृतींच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. १८६१ मध्ये कलकत्त्यास व पुढे १८७४ मध्ये मुंबईस प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या संस्था निघाल्या. १८९० मध्ये कायदा झाला, पण तो अपुरा होता.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झालेल्या विख्यात नृत्यकलावती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी या विषयावर खासगी विधेयक आणले. पंतप्रधान नेहरूंनी सरकारच असे विधेयक आणील असे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले. त्यातून १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला आणि १९६२ मध्ये रुक्मिणीदेवींच्याच अध्यक्षतेखाली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले. पुढे १९७६ मध्ये घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१-क आला व सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले.

१९६० च्या कायद्याचे कलम ११ प्रत्येक गृहस्थाने एकदा वाचावे असे आहे. जनावरास मारहाण करणे, अति ओझे लादणे, जखमी वा अपंग जनावरास कामास जुंपणे, यातना होतील अशा रीतीने वाहून नेणे, अन्नपाणी न देणे, आखूड दाव्याने सतत बांधून ठेवणे, म्हातारपणी सोडून देणे हे सारे त्यात गुन्हे म्हणून नमूद आहे. परंतु पहिल्या अपराधास दंड किती? किमान दहा रुपये, कमाल पन्नास! १९६० साली पन्नास रुपयांना किंमत होती. आज तेवढ्यात एका कुटुंबाचा चहाही होत नाही. जनावरास ठार मारणे वा पंगू करणे यासाठी मात्र २०२३ च्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ अन्वये पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शर्यतींचा इतिहासही असाच वळणावळणाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जलिकट्टू व बैलगाडा शर्यती बंद केल्या; २०१७ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक व तामिळनाडूने आपापले कायदे दुरुस्त केले; आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्या दुरुस्त्या मान्य केल्या. सारांश, कायदा हा मुक्या जिवाचा एक आधार आहे, पण तो पुरेसा नाही. दहा रुपयांच्या दंडाने जे होत नाही, ते शेजाऱ्याच्या शब्दाने कधी कधी होते.

३. उसाची गाडी

आता आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण घेऊ. बेळगाव जिल्हा हा साखर कारखान्यांचा जिल्हा. निपाणी, चिकोडी, संकेश्वर या टापूत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरांच्या रांगांबरोबर बैलगाड्यांच्याही रांगा लागतात. गाडीवर ऊस इतका रचलेला असतो की मागून पाहणाऱ्यास बैल दिसतच नाहीत. चढावर बैलांचे गुडघे टेकतात, जू खांद्यात रुतते, खांदा सुजतो आणि त्या सुजेवरच दुसऱ्या दिवशी पुन्हा जू चढते.

याबाबत १९६५ चे नियम स्पष्ट आहेत. ओढकामाच्या जनावराकडून दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये. सलग पाच तासांपेक्षा अधिक वेळ विश्रांतीवाचून राबवू नये. जेथे तपमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन त्याला जुंपू नये. टोकदार आरेची पराणी वापरू नये. जनावर व गाडी यांच्या प्रकारानुसार वजनाच्या मर्यादाही दिल्या आहेत. आमच्या रस्त्यांवर यांपैकी किती नियम पाळले जातात, हे वाचकांनीच सांगावे.

हा भाग वर्गात शिकवीत असता एका हंगामात एक प्रसंग घडला. मुलांनी नियम वहीत उतरवून घेतले. तेवढ्यात मागल्या बाकावरचा, ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबातील एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, “सर, मग माझे वडील गुन्हेगार का?” वर्ग चिडीचूप झाला. आम्ही त्यालाच विचारले, “तुझे वडील पहाटे उठून पहिले काय करतात?” तो म्हणाला, “बैलांना वाढे घालतात, पाणी पाजतात, खांद्याला तेल-हळद लावतात. मग आमचा चहा होतो.” मुलांना आम्ही सांगितले की, ज्या घरात बैलाचे पाणी माणसाच्या चहाआधी होते, तेथे दया नाही असे कोण म्हणेल? मग गाडीवर एवढे ओझे कोणी चढवले?

त्या दिवशीचा पुढचा तास या प्रश्नावर गेला. ऊसतोड मजूर मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतो. ती फिटते टनावर. टन कमी भरले तर उचल अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच कोयता हाती घ्यावा लागतो. एक खेप वाचवावी म्हणून तो गाडी उंच रचतो. म्हणजे बैलाच्या खांद्यावरचे जू आणि गाडीवानाच्या खांद्यावरचे कर्ज ही एकाच लाकडाची दोन टोके आहेत. बैलाची बाजू घेणाऱ्याने गाडीवानाची बाजू सोडून चालणार नाही. सांगलीस २००३ पासून काम करणाऱ्या ‘ॲनिमल राहत’ या संस्थेने हेच ओळखले. बैलांना फुकट औषधोपचार, गाडीवानास समजूत, आणि बैलाऐवजी यंत्राने वाहतूक करता यावी यासाठी साहाय्य, असा तिचा मार्ग आहे. केवळ दटावून निघून जाण्यापेक्षा तो निश्चितच अधिक फलदायी होय.

४. बेळगाव, डिसेंबर १९२४

महात्मा गांधी राष्ट्रीय सभेच्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले व ते अधिवेशन आमच्या बेळगावास भरले, ही गोष्ट येथील शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु त्याच सुमारास, २८ डिसेंबर १९२४ रोजी, गांधीजींच्याच अध्यक्षतेखाली बेळगावात गोरक्षण परिषदही भरली होती, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. त्यातूनच पुढे १९२५ मध्ये अखिल भारतीय गोरक्षण संस्था निघाली.

गांधीजींची गाईवरची श्रद्धा सर्वश्रुत आहे. तरीही मुसलमानाशी भांडून वा बळजबरी करून गोरक्षण होणार नाही, असे ते आयुष्यभर बजावीत राहिले. आधी आपल्या घरच्या गोठ्यात पाहा, आपण बैलाला आर टोचतो, गाईला अर्धपोटी ठेवतो, वासराचे दूध तोडतो, त्याचे काय, असा त्यांचा रोख असे. ज्या भूमीवर ही परिषद भरली, तेथील शिक्षक म्हणून आम्हांस हा धडा फार मोलाचा वाटतो. त्याचे सार असे की, मुक्या जिवाची वकिली आपल्या उंबऱ्याच्या आत सुरू होते. जनावराच्या नावाने शेजाऱ्यावर काठी उगारणारा हा जनावराचा वकील नव्हे. तो फक्त काठी शोधत असतो व जनावर त्याला निमित्त होते.

हे स्पष्ट लिहिण्याचे कारण आहे. आमच्यासारख्या मुसलमान शिक्षकाने भूतदयेवर बोलायचे म्हटले की दोन्हीकडून प्रश्न येतात. एक म्हणतो, “तुम्ही कोणत्या तोंडाने बोलता?” दुसरा, घरचाच, म्हणतो, “सर, तुम्हीही त्यांच्यात मिळालात का?” या दोन प्रश्नांच्या चिमट्यात सापडून बहुतेक माणसे गप्प बसणे पसंत करतात. पण सगळ्यांच्या गप्प बसण्याची किंमत शेवटी बैल, कोंबडी आणि गाढव देतात.

५. आपल्या उंबऱ्याच्या आत

म्हणून आम्ही आधी आपल्याच घराकडे वळतो. कुराणशरीफात सांगितले आहे की जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हेही तुमच्यासारखेच समुदाय आहेत. हदीसमध्ये मांजरीस उपाशी कोंडून मारणाऱ्या स्त्रीस शिक्षा झाल्याचे व तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून जोड्यात पाणी भरून आणणाऱ्याचे पाप माफ झाल्याचे वर्णन येते. पैगंबरसाहेबांनी जनावराच्या चेहऱ्यावर डाग देण्यास मनाई केली. घरट्यातून उचललेली पिले आईकडे परत ठेवावयास लावली. एका बागेत रडणाऱ्या उंटाच्या मालकास बोलावून, हा तुझी तक्रार करतो आहे, असे सांगितले. उभ्या जनावराच्या पाठीवर बसून गप्पा मारत राहू नये, अशीही शिकवण आहे. कारखान्याच्या आवारात नंबर येईपर्यंत भरल्या गाडीला जुंपून ठेवलेले बैल पाहिले की आम्हांस ही शिकवण हटकून आठवते. पाकिस्तान होण्यापूर्वीच्या पंजाबात जन्मलेले व पुढे इंग्लंडात वोकिंगच्या मशिदीचे इमाम झालेले अल-हाफिज बशीर अहमद मसरी यांनी १९८९ मध्ये ‘इस्लाममधील प्राणी’ या विषयावर स्वतंत्र इंग्रजी ग्रंथच लिहिला. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा.

जबह करण्याच्या रीतीविषयीही शिकवण कडक आहे : सुरी धारदार असावी, ती जनावरासमोर परजू नये, जिवास कमीत कमी यातना व्हाव्यात. १९६० च्या कायद्याच्या कलम २८ ने धर्मरीतीने केलेला वध गुन्हा मानलेला नाही. परंतु ती सवलत वधाच्या रीतीपुरती आहे. बाजारापासून घरापर्यंतच्या हालांना नाही. बकरी ईदच्या आधी टेम्पोत कोंबून आणलेली बकरी, दोन दिवस बिनपाण्याची. एकासमोर दुसऱ्याची मान. सायकलीच्या हँडलला पाय बांधून उलट्या लटकवलेल्या कोंबड्या. हे कोणत्या धर्माने सांगितले? जमातीच्या सभेत हा विषय निघावा, बाजाराच्या दिवशी सावली व पाण्याचे पिंप ठेवावे, मुलांना जनावराचे कान ओढण्यापासून आवरावे. एवढे केले तरी कुर्बानीचे मोल वाढेल, घटणार नाही.

६. दूध, चामडे आणि आपले पोट

तिसऱ्या पायरीचा विचार आपल्याकडे सर्वांत अवघड. घरची म्हैस म्हणजे सीमाभागातल्या बायाबापड्यांचे बँकेतले खाते. डेअरीचे बिल आले की शाळेची फी भरली जाते. व्हीगन मंडळींचा प्रश्न मात्र टाळण्यासारखा नाही. म्हैस व्याली आणि रेडा झाला तर त्या रेडकाचे काय होते? पारडी जगते, रेडकू बहुधा सुकत जाते. हे गोठ्यात घडते, म्हणून नजरेआड राहते. गाई-म्हशींवर होणाऱ्या ‘फुका’ या अघोरी प्रकाराची माहिती कळल्यावर गांधीजींनी त्यांचे दूध वर्ज्य केले व १९१८ च्या मोठ्या आजारानंतर नाइलाजाने शेळीचे घेतले. फुका आणि दूध वाढविण्यासाठी घातक इंजेक्शन देणे हा कलम १२ अन्वये गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

चामड्याचेही तसेच. कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्राच्या चार व कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यांत बेळगाव आहे. त्या कारागिरांच्या हातची भाकरी काढून घेणे ही दया नव्हे. तेव्हा ज्याला जी पायरी चढता येईल ती त्याने चढावी. वरच्या पायरीवरच्याने खालच्यास हिणवू नये आणि खालच्याने वरच्यास वेडा ठरवू नये. आमच्या थाळीत जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचे माडगे, आंबाडीची भाजी हे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या आहेत. यांत कोणाही जनावराचा वाटा काढून घेतलेला नाही. मात्र दूधही सोडणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे : ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीतून भरवशाने मिळत नाही, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने निराळे घ्यावे लागते. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्या बाबतीत तर विशेष.

७. कसे बोलावे

वकिली म्हणजे आरडाओरड नव्हे. अनुभवाने काही नियम सुचले, ते असे :

(अ) आधी जनावराला पाणी, मग माणसाशी बोलणे. बादली घेऊन पुढे जाणाऱ्याचे कोणीही ऐकतो.

(आ) गाडीवानास ‘मामा’, ‘दादा’ म्हणावे. दहा जणांसमोर नव्हे, बाजूला घेऊन बोलावे. अपमान झालेल्या माणसाचा राग संध्याकाळी बैलावरच निघतो.

(इ) जनावर जखमी असेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकास कळवावे. क्रूरता उघड असेल तर पोलिसांस कळवावे. स्वतः कायदा हाती घेऊ नये, गाडी अडवून जमाव करू नये.

(ई) कुत्र्यांस दगड मारल्याने त्यांची संख्या घटत नाही. निर्बीजीकरण व लसीकरण हाच २०२३ च्या नियमांचा मार्ग आहे. त्यासाठी नगरपालिकेकडे लेखी अर्ज द्यावा. चावा झाल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन ताबडतोब लस घ्यावी. प्राण्यावरची माया आणि मुलाचा जीव यांत भांडण लावू नये.

(उ) आपल्या धर्माच्या, आपल्या आळीच्या माणसास आधी सांगावे. दुसऱ्यास सांगण्याचा अधिकार त्यानंतर येतो.

कर्नाटकी बेंदराला आमच्याकडे बैलांची शिंगे रंगतात, अंगावर झूल चढते, पुरणपोळीचा घास मिळतो. तो एक दिवस गोडच आहे. पण उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचा हिशेब त्या घासात फिटत नाही. आपल्या ट्रस्टने या महोत्सवी वर्षात बाजारपेठेच्या रस्त्यावर जनावरांसाठी एक पाण्याचा हौद बांधावा व तो रोज भरण्याची पाळी सभासदांच्या घरांनी वाटून घ्यावी, अशी आमची विश्वस्तांस नम्र सूचना आहे. त्या हौदावर देणगीदाराचे नाव कोरले नाही तरी चालेल. पाणी पिणारास वाचता येत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न (घरातील मुलांसह सोडवावेत)

१. आपल्या गल्लीत आज किती जनावरांस पिण्याचे पाणी मिळाले? मोजून लिहा.

२. ओढकामाच्या जनावराचे रोजचे कामाचे तास कायद्याने किती? आपल्या पाहण्यातील एका बैलाचे तास त्याच्याशी ताडून पाहा.

३. उसाच्या गाडीवर जास्त ओझे का चढते, याची तीन कारणे गाडीवानास विचारून लिहा.

४. आपल्या घरातील कोणती एक सवय बदलल्यास एका मुक्या जिवाचे दुःख कमी होईल? ती कोण, कधीपासून बदलणार, ते वडीलधाऱ्यांसमोर ठरवा.